क्रूझ ऑकलंडला संपल्यावर न्यूझीलंडमधले पाच आठवडे

प्रश्न थोडक्यात असा : पुण्याचं साठी ओलांडलेलं एक जोडपं, दर रविवारी सिंहगड चढणारं, सिडनीहून निघणाऱ्या क्रूझने फेब्रुवारीच्या मध्यात ऑकलंडला उतरणार आहे. पुढे पस्तीस रात्री हाताशी आहेत. संग्रहालयं, खरेदी, थीम पार्क यात रस नाही. चालायचं आहे, कयाक चालवायची आहे, पक्षी बघायचे आहेत. त्यांनी केलेल्या आराखड्यात दोन्ही बेटं आहेत आणि जवळजवळ रोज नवीन गावी मुक्काम आहे. तो जमेल का, आणि काय बदलावं?

मी दक्षिण बेटावर क्राइस्टचर्चला राहते आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या मंडळींना घेऊन इथल्या डोंगरांत फिरते. आराखडा कागदावर जमतो, पण माझ्या मते तो अर्धा खोडायला हवा. उत्तर बेटावरचं ऑकलंड सोडून सगळं काढा, विमानाने दक्षिण बेटावर या आणि मोजक्या जागी तळ ठोकून राहा.

कारण तुमच्या क्रूझमध्येच दडलंय. सिडनीहून निघालेलं जहाज टास्मन समुद्र ओलांडून बहुधा दक्षिण बेटाच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या फियोर्डलँडच्या खाड्यांत शिरतं, मग पूर्व किनाऱ्याने पोर्ट चाल्मर्स, लिटलटन किंवा अकारोआ, वेलिंग्टन, नेपियर, टौरंगा असं करत ऑकलंडला येतं. म्हणजे पूर्वेकडची शहरं जहाजातूनच उरकतात. उरतो तो आतला डोंगराळ भाग आणि पश्चिम किनारा. तिथे जहाज जात नाही, आणि तुम्हाला जे हवंय ते नेमकं तिथेच आहे. तुमच्या आराखड्यात टौरंगा आणि नेपियर परत आलेत, ते आधी काढा.

आता हवामान, कारण इथला सगळा आराखडा त्यावरच उभा राहतो. दक्षिण बेटाच्या मधोमध उभी डोंगररांग आहे, सदर्न आल्प्स. पश्चिमेकडून समुद्रावरचा ओला वारा येतो, डोंगराला धडकतो, वर चढतो आणि सगळं पाणी पश्चिम उतारावर ओततो. पलीकडे कोरडं. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आणि माण-खटाव जसे एकाच जिल्ह्यात नांदतात, तसंच हे, फक्त इथे पाऊस चार महिन्यांपुरता नसून बारमाही आहे. फियोर्डलँडमधल्या मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या, मध्य ओटागोतल्या अलेक्झांड्राला साडेतीनशेच्या आसपास. त्यामुळे पश्चिमेला झड लागली तरी पूर्वेला किंवा मध्य ओटागोला ऊन असण्याची शक्यता चांगली असते. ज्याच्याकडे मोकळे दिवस आहेत तो कूस बदलून दुसरीकडे जातो. ज्याचं रोजचं हॉटेल ठरलेलं आहे तो पावसातून गाडी हाकत पुढच्या गावी पोचतो आणि तिथला डोंगर न बघताच निघतो. अशी मंडळी मी दर उन्हाळ्यात बघते आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण इतक्या लांब येऊन त्यांना ढगच दिसतात.

दुसरी गोष्ट मी सह्याद्रीत फिरलेल्या प्रत्येकाला बजावून सांगते. आपल्याकडे पावसाळी ट्रेकला आपण मुद्दाम भिजतो, कारण पाऊस कोमट असतो. इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी पंचवीस अंश असताना वायव्येचा गरम वारा सुटतो, मागोमाग दक्षिणेचा वारा येतो आणि तापमान झपाट्याने घसरतं. उंचावर भर उन्हाळ्यातही बर्फ पडू शकतं. अंगावर ओला सुती टीशर्ट असेल तर माणूस गारठून आजारी पडतो, आणि इथे अशाने माणसं दगावलीही आहेत. सुती कपडे चालताना घालू नका. आत मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, सगळ्यावर चांगलं रेनजॅकेट. छत्री आणि पोंचो वाऱ्यापुढे टिकत नाहीत. आणि ढग असले तरी टोपी आणि सनस्क्रीन हवंच, इथलं ऊन आपल्यापेक्षा जास्त भाजतं.

आता जहाजाच्या दिवसांबद्दल. दोन आठवडे बुफेवर राहून पाय मऊ पडतात, ते पडू देऊ नका. समुद्रावरचे दिवस डेकवर फेऱ्या आणि लिफ्टऐवजी जिने. बंदरांचे दिवस सरावासाठी वापरा. टौरंगाला जहाज माऊंट माँगनुईच्या पायथ्याशीच लागतं. तिथला मौआओ डोंगर फक्त 232 मीटरचा आहे, जहाजातून चालत जाऊन वर चढून येता येतं. पोर्ट चाल्मर्सला उतरलात तर ओटागो द्वीपकल्पाच्या टोकाला तायरोआ हेड आहे, तिथे रॉयल अल्बट्रॉस घरटी करतात. मोठ्या बेटावर, माणसांच्या वस्तीजवळ या पक्ष्याची अशी वसाहत दुसरी नाही. वेलिंग्टनला झीलँडिया हे कुंपण घातलेलं पक्षी अभयारण्य शहरातच आहे. शहरदर्शनाच्या बसपेक्षा ही तीन ठिकाणं घ्या.

कागदपत्रांत एक मोठी खाच आहे. क्रूझने येऊन क्रूझनेच परत जाणाऱ्या प्रवाशांना, पासपोर्ट कुठलाही असो, इथे व्हिसाऐवजी एनझेडईटीए या इलेक्ट्रॉनिक प्रवास परवान्यावर येता येतं. क्रूझ विकणारा एजंट बहुतेक वेळा एवढंच सांगतो. तुम्ही ऑकलंडला उतरून राहणार आणि विमानाने परतणार, म्हणून भारतीय पासपोर्टवर तुम्हाला रीतसर व्हिजिटर व्हिसा लागेल. त्यासोबत 100 न्यूझीलंड डॉलरची पर्यटक लेव्ही भरावी लागते, आणि दरमहा माणशी 1000 डॉलर, किंवा राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर 400, एवढी ऐपत दाखवावी लागते. सिडनीसाठी ऑस्ट्रेलियाचा व्हिसा वेगळा.

विमा काढताना तो क्रूझपुरता आहे की घरी परत पोचेपर्यंत, हे शब्दशः वाचा. इथे एसीसी नावाची सरकारी व्यवस्था आहे, ती अपघाताने झालेल्या दुखापतीच्या उपचाराचा खर्च पाहुण्यांसाठीही उचलते. पण आजारपण, हृदयविकार, घरी परत नेण्याचा खर्च त्यात नाही. तुमच्या वयाला तोच भाग महत्त्वाचा. रोजची औषधं तीन महिन्यांपेक्षा जास्त नकोत, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा.

आणि बूट. पुण्याहून निघण्यापूर्वी ते ब्रशने घासून धुवा, तळव्याच्या खाचांतली सह्याद्रीची लाल माती सुईने उकरून काढा. काठ्यांची टोकंसुद्धा. इथली जैवसुरक्षा फार कडक आहे आणि त्याला सबळ कारण आहे. वटवाघळं सोडली तर इथे मूळचा जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता, पक्षी आणि झाडं शत्रूशिवाय वाढली, त्यामुळे बाहेरून आलेला उंदीर, बी किंवा बुरशी त्यांचा फडशा पाडते. उत्तरेतले प्रचंड कौरी वृक्ष मातीतून पसरणाऱ्या रोगाने मरताहेत. म्हणून वापरलेले बूट, तंबू, खाण्याचे पदार्थ, सगळं जाहीर करा. जाहीर केलं तर फार तर वस्तू काढून घेतात, लपवलं तर जागच्या जागी 400 डॉलर दंड. मध, ताजी फळं, कढीपत्ता, बिया आणूच नका. जहाजावरून उतरताना बुफेतलं सफरचंद पर्समध्ये राहिलं तरी दंड होतो. मसाले, डाळ, पोहे ऑकलंडच्या सँड्रिंगहॅम भागातल्या भारतीय दुकानांत सगळे मिळतात. शाकाहाराची काळजी करण्यासारखं एवढंच.

आता रात्रींची वाटणी.

ऑकलंडला तीन रात्री. जहाजातून उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, पहिल्या दिवशी गाडी अजिबात चालवू नका. जहाज शहराच्या मध्यभागी क्वीन्स व्हार्फला लागतं आणि शेजारीच फेरी बिल्डिंग आहे. दुसऱ्या दिवशी तिथून फेरीने रँगिटोटोला जा. सुमारे सहाशे वर्षांपूर्वी समुद्रातून वर आलेला हा ज्वालामुखी 259 मीटरचा आहे. लाव्ह्याच्या काळ्या दगडांतून वाट आहे, पाणी आणि खाणं बरोबर न्या कारण बेटावर दुकान नाही, आणि शेवटची फेरी चुकवू नका. जहाजावरचे समारंभाचे कपडे आणि मोठ्या बॅगा ऑकलंडलाच सामानघरात ठेवा. त्यासाठी परतीचं विमान ऑकलंडहून घ्या, म्हणजे क्राइस्टचर्चहून इथे येऊन बॅगा उचलता येतील.

तिथून विमानाने नेल्सन आणि गाडीने मारहाऊ, सहा रात्री. एबल टास्मन देशातलं सगळ्यात छोटं राष्ट्रीय उद्यान आहे आणि चालण्याची सुरुवात करायला मला यापेक्षा चांगली जागा माहीत नाही. साठ किलोमीटरची किनारी वाट आहे, पण ती सलग करायची गरज नाही. सकाळी वॉटर टॅक्सीने पुढच्या एखाद्या खाडीत उतरायचं आणि दिवसभर चालत परत यायचं, किंवा उलट. एक दिवस चालणं, एक दिवस मार्गदर्शकासोबत कयाक, एक दिवस आराम. अवारोआची खाडी फक्त ओहोटीच्या आधी दीड तास ते नंतर दोन तास या वेळेतच ओलांडता येते, तेव्हा भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून बेत करा. वाटेवरच्या हटमध्ये, म्हणजे मुक्कामाच्या साध्या झोपड्यांत, राहणार असाल तर लक्षात ठेवा, इथल्या हटमध्ये शेगडी नसते, स्वतःची न्यावी लागते.

मग बुलर नदीच्या घळीतून पश्चिम किनाऱ्याला पुनाकाइकी, दोन रात्री. तिथले थरथरांचे चुनखडीचे कडे भरतीच्या वेळी बघा, तेव्हाच पाणी भोकांतून उसळतं. पुढे ओकारिटो, तीन रात्री. बहुतेक लोक फ्रान्झ जोसेफ गावात राहतात. माझं मत ओकारिटोच्या बाजूने. छोटंसं गाव, मोठं खाजण, त्यात कयाक, समोर बर्फाचे डोंगर. हिमनद्यांबद्दल जुने फोटो बघून येऊ नका. फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या दोन्ही खूप मागे सरल्यात, चालत बर्फापर्यंत आता पोचता येत नाही, लांबून बघता येतं. बर्फावर उतरायचं तर हेलिकॉप्टर, तेही आकाश मोकळं असेल तरच.

हा सगळा किनारा एकाच रस्त्यावर लटकलेला आहे. मार्च 2019 मध्ये पुराने फ्रान्झ जोसेफजवळचा वाइहो नदीचा पूल वाहून गेला, तेव्हा पलीकडे जायला शेकडो किलोमीटरचा वळसा पडत होता. तुम्हीही मार्चच्या तोंडावर तिथे असाल, म्हणून या टप्प्यानंतर लगेच कुठलंही न बदलता येणारं आरक्षण ठेवू नका. सँडफ्लाय नावाची चिमुकली माशीही इथलीच. तिचा दंश कित्येक दिवस खाजतो, लांब बाह्या आणि मलम हाताशी ठेवा.

हास्ट खिंडीतून पलीकडे वानाकाला पाच रात्री. तिथे सगळे रॉयज पीकच्या मागे लागतात. सोळा किलोमीटर, साडेबाराशे मीटर चढ, सावलीचं नाव नाही आणि वर फोटोसाठी रांग. मी तुम्हाला रॉब रॉय हिमनदीची वाट सुचवते. दहा किलोमीटर, तीन-चार तास, बीचच्या जंगलातून चढत गेलं की समोर कड्यावर लटकलेला बर्फ. फक्त तिथपर्यंतचा रस्ता शेवटी कच्चा आहे आणि ओढे गाडीनेच ओलांडावे लागतात. भाड्याच्या गाडीच्या करारात तो चालतो का ते आधी विचारा, नाहीतर वानाकाहून शटल घ्या.

पुढे ते आनाऊ या गावी सहा रात्री, आणि हे दिवस कमी करू नका. फियोर्डलँड जहाजातून पाहिलं असेल, पण पाण्यातून बघणं आणि आत शिरणं यात फार अंतर आहे. मिलफर्डच्या बोटीचं तिकीट पुन्हा काढू नका. त्याऐवजी मिलफर्ड रस्त्यावर द डिव्हाइडला गाडी लावून की समिटला जा. जाऊन-येऊन तीन तास, 919 मीटर उंची, वर छोटी तळी आणि तीन दऱ्यांचं दर्शन. सोपा आहे आणि मोबदला भरपूर. दुसरा दिवस लक्समोर हटचा : वॉटर टॅक्सीने ब्रॉड बेला उतरा, तिथून सव्वाआठ किलोमीटर चढ, साडेआठशे मीटरहून जास्त. सिंहगड नेमाने करणाऱ्याला चढ जड नाही, पण परतीचे सव्वाआठ किलोमीटर गुडघ्यांना कळतात, काठ्या न्या. झाडांची रेषा संपते आणि एकदम उघड्यावर गवताळ पठार लागतं, तो क्षण मला अजूनही थांबवतो.

पाऊस पडत असेल तर बेत उलटा करा. हलक्या-मध्यम पावसात मिलफर्ड रस्त्यावर जा, कारण कड्यांवरून शेकडो तात्पुरते धबधबे सुटतात. अतिवृष्टीत मात्र रस्ता बंद होतो. सुमारे 120 किलोमीटर जाताना टाकी भरून निघा, फोनला रेंज नसते. होमर बोगद्यापाशी केआ पोपट गाडीच्या रबरी पट्ट्या कुरतडतात. त्यांना काहीही खायला घालू नका, माणसाच्या अन्नाने ते आजारी पडतात आणि रस्त्यावर येऊन गाड्यांखाली जातात. तिथल्याच गर्ट्रूड सॅडल या खिंडीचे फोटो बघून मोह होईल, तो टाळा. ओल्या खडकावरून घसरून तिथे माणसं मेली आहेत.

मिलफर्ड ट्रॅक आणि रूटबर्न या अनेक दिवसांच्या वाटा सलग करायच्या असतील तर आरक्षण हंगामाच्या कितीतरी महिने आधी उघडतं आणि मिलफर्डचं काही मिनिटांत संपतं. मिळालं नाही तर हळहळू नका, वर सांगितलेल्या दिवसभराच्या वाटांनी त्याच डोंगरांत पोचता येतं.

दक्षिण टोकाच्या ब्लफ बंदराहून फेरीने रकिउरा, म्हणजे स्टुअर्ट बेट, तीन रात्री. एका तासाची सामुद्रधुनी, पण मोठ्या जहाजाची सवय इथे कामाची नाही, फेरी छोटी आणि लाटा उंच. मळमळीची गोळी आधी घ्या. उल्व्हा बेटावर उंदीर-विझल काहीच नाहीत, म्हणून तिथे रॉबिन पक्षी बुटापाशी येऊन उभा राहतो. बोटीत चढण्यापूर्वी पिशव्या उघडून तपासायला सांगतात, ते मनापासून करा. मोकळ्या जंगलात किवी बघायचा तर रात्री वाटाड्यासोबत इथेच.

परतताना एक रात्र क्रॉमवेलला. मग आओराकी माऊंट कुक गावात चार रात्री. 3724 मीटरचा हा डोंगर कित्येकदा तीन-तीन दिवस ढगात असतो, म्हणून चार. हूकर दरीची वाट जवळजवळ सपाट आहे, पण पुलांच्या कामांसाठी तिचे भाग बंद असतात, निघण्याआधी डिपार्टमेंट ऑफ कन्झर्वेशनच्या केंद्रात विचारा. सीली टार्न्सला बावीसशे पायऱ्या, आपल्या गडांसारख्याच. वरच्या कड्यांवर शेळीसारखा प्राणी दिसला तर तो हिमालयन ताहर. शिकारीसाठी 1904 मध्ये तो इथे सोडला आणि आता इथल्या वनस्पतींना त्याचा मोठा उपद्रव आहे. शेवटी क्राइस्टचर्चला दोन रात्री.

यात उत्तर बेटावरचं टोंगारिरो गेलं, याची मला कल्पना आहे. 1887 मध्ये माओरी प्रमुख ते हेउहेउ तुकिनो चौथे यांनी ही पवित्र शिखरं राष्ट्राला दिली आणि त्यातून देशाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. वीसेक किलोमीटरची ती वाट मला फार प्रिय आहे. ती करायचीच असेल तर रकिउराच्या तीन रात्री तिकडे द्या. शिखरांवर चढू नका, तिथले माओरी लोक तशी विनंती करतात.

गाडी साधी घ्या, कॅम्परव्हॅन नको. एका जागी पाच-सहा रात्री राहायचं तर हॉलिडे पार्कमधली केबिन आणि छोटी गाडी बरी, स्वयंपाकघर तिथे असतंच. व्हॅनचा मोह सुटला नाही तर आत पक्का बसवलेला संडास आणि हिरवं प्रमाणपत्र आहे का ते बघा, त्याशिवाय उघड्यावर मुक्कामाला बहुतेक ठिकाणी बंदी आहे. रस्त्याची बाजू आपलीच, डावी, पण वळणं खूप. ताशी शंभरची मर्यादा असली तरी सरासरी साठ-सत्तर धरा. एकपदरी पुलांवर लाल छोटा बाण तुमच्या दिशेचा असेल तर थांबायचं. मागे गाड्या साचल्या की बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या.

डोंगरात पाट्यांवर अंतर तासांत लिहिलेलं असतं, तुमच्या वेगाने त्यात थोडी भर घाला. ओढा फुगला असेल तर ओलांडू नका. इथले ओढे पाऊस थांबला की काही तासांत उतरतात, बसून वाट बघा. रेंज नसलेल्या वाटांसाठी लोकेटर बीकन, म्हणजे संकटात मदतीचा इशारा पाठवणारं यंत्र, भाड्याने मिळतं, ते पाठीवरच्या पिशवीत न ठेवता अंगावर ठेवा. कुठे जाणार आणि कधी परतणार हे केबिनच्या मालकांना सांगून निघा. आपत्कालीन क्रमांक 111.

आरक्षणाचा क्रम असा धरा. आधी दोन्ही व्हिसा. मग आओराकी गाव आणि रकिउरा, कारण तिथे खोल्या मोजक्या आहेत. त्यानंतर ते आनाऊ आणि गाडी. वानाका आणि ओकारिटोची आरक्षणं रद्द करता येतील अशाच दराने घ्या, थोडे जास्त पैसे पडले तरी. ठरलेला बेत मला कळवलात तर तुमच्या आठवड्यातल्या भरती-ओहोटीच्या वेळा बघून एबल टास्मनचे सहा दिवस मी मांडून देईन.